दाण्याची साल आईची

१८ मार्च

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. इकडे सगळं बरं. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जिना चढते. वहिनी आणि पोरं मजेत असतील. तू नव्या दुकानात रुळलास, असं मावशीकडून कळलं.

तीन वर्षांनी हिला पत्राची आठवण कुठून झाली, असं तुला वाटेल. मलाही नीट सांगता येत नाहीये. तीन कागद फाडून झाले. सुचेल तसं लिहिते.

गेल्या वर्षी आपल्या गहू संशोधन केंद्रातली बियाण्यांची खोली रिकामी करायला काढली, तेव्हा तुझं गव्हाचं पाकीट सापडलं. बारीक दाण्याच्या वाणावर तू जाड दाण्याच्या वाणाचे पराग टाकले होतेस, ते. फेकायला हात होईना. मागच्या वाफ्यात चार ओळी पेरल्या, कुणालाही न विचारता.

परवा मळणी केली. शंभर दाणे मोजून काट्यावर ठेवले. बारीक वाणासारखे तीन ग्रॅम भरतील म्हणून बसले होते, तर पावणेपाच! काटा बिघडला म्हणून पाच वेळा वजन केलं. शेवटी प्रमुखबाईंना बोलावलं.

"अगं, तो खरं सांगत होता," त्या म्हणाल्या. "दाण्याची साल आईची, म्हणजे ज्या रोपावर तो धरला त्याची. बापाने कितीही दिलं तरी पहिल्या खेपेला दाणा आईच्या सालीत मावेल एवढाच. बापाचा वाटा दिसतो तो पुढच्या पिढीत."

हेच तू घसा कोरडा करून सांगत होतास ना? वाढीला लगाम घालणारं जनुक जाड वाणात मोडलेलं आहे, एकदा पेरून तर बघा. आणि सगळे म्हणत होते, दाणे बारीकच आहेत, म्हणजे पाकिटं बदलली.

"हे छापूया, तुझं नाव पहिलं," असं बाई मला म्हणाल्या. हसावं की रडावं, कळेना.

तुझी नोकरी गेली त्या चौकशीत मला विचारलं होतं, "पाकिटं बदलली असतील का?" मी म्हणाले, "दादाकडून झालं असेल." हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असं, की ती बदलली नव्हती याची मला खात्री होती. तुझ्या ओंब्या आल्या त्या दिवशी माझ्या टेबलावर दुसरं काहीच नव्हतं. दाणे मी काढले, पाकीट मी बंद केलं. पण मग दाणे बारीक का, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोट माझ्याकडे वळायच्या आत मी ते तुझ्याकडे वळवलं. भीती होती, की तुझ्या हातावर विश्वासच नव्हता? अजूनही नक्की सांगता येत नाही.

काल हे सगळं लिहून, सही करून बाईंना दिलं. म्हटलं, "पहिलं नाव त्याचं. माझं नसलं तरी चालेल."

"नोकरी जाईल, कळतंय ना?"

"हो," म्हणाले, आणि दार समजून कपाटावर आदळले. अशी अवस्था आहे.

केंद्र तुला परत बोलावेल, असं बाई म्हणतात. यायचं की नाही, तू ठरव. माफी मागायला बसले होते, पण मागायचं तोंड मला उरलंय का, तेच उमजेना.

आईला अजून बोलले नाही. आधी पत्र पेटीत टाकणार, मग सांगणार. आधी सांगितलं तर ती म्हणेल, "थांब जरा," आणि मी पुन्हा थांबेन.

तुझ्याबद्दल खोटं बोललेली,
तुझीच धाकटी