सर, पहिलं पाऊल डावीकडेच होतं

म्हसवड, १९९९

सर,

आधी 'प्रिय सर' लिहिलं होतं, मग पहिला शब्द खोडला. तुम्हाला जाऊन महिना झाला. माणूस गेला की वैरही जातं म्हणतात, म्हणून महिनाभर वाट पाहिली. माझं काही गेलं नाही. राग होता तिथंच आहे, आणि परवापासून तर वाढलाय. म्हणून हे पत्र.

परवा औंधला तुमची शोकसभा झाली. जिथं आपला कराटेचा क्लास चालायचा, त्याच शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तुमच्या फोटोला हार, समोर पोरं पांढऱ्या ड्रेसमध्ये ओळीनं बसलेली. मला बोलायला उभं केलं आणि ओळख काय करून दिली माहितीये? सरांनी घडवलेली पहिली ब्लॅक बेल्ट मुलगी! तुम्ही घडवलेली? मी हात जोडले आणि खाली बसले. ओठांवर आलेलं तिथं बोलण्यासारखं नव्हतं.

सभेनंतर काकूंनी मला घरी नेलं. चहा झाल्यावर ट्रंक उघडून एक पुस्तक माझ्या हातात दिलं. ते मी लांबूनच ओळखलं. सिमेंटच्या पिशवीच्या कागदाचं कव्हर आणि त्यावर आमच्या अण्णांच्या अक्षरात माझं नाव. आठ वर्षांत कव्हरचा कोपरासुद्धा दुमडलेला नाही.

"तिची वस्तू हाय, मी गेल्यावर तिला दे, असं म्हनले हुते," काकू म्हणाल्या. "जित्तेपनी का न्हाई दिली, ते मला इचारू नगंस बाई."

काकूंना नाही विचारलं. तुम्हाला विचारते. का नाही दिलंत?

दादानं ते आणलं तो दिवस मला अजून आठवतो. तो मिलिटरीत, पुण्याला होता. सुट्टीवर येताना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून खास माझ्यासाठी उचललेलं. इंग्रजी पुस्तक, पानोपानी फोटो, प्रत्येक फोटोखाली चार ओळी. आमच्या घरी पुस्तक येणं म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळलं नाही. छप्पन्न साली आजोबांनी दीक्षा घेतली, देव्हारा गेला आणि त्या जागी फळी ठोकून पुस्तकं लागली. अण्णा गवंडीकाम करायचे. नवीन पुस्तक आलं की हात धुऊन आधी त्याला कव्हर घालणार, मग जेवायला बसणार.

मी डिक्शनरी घेऊन बसले. काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायचे डाव. असे तीन काते आठ दिवसांत दोनशे पानी वहीत मराठीत उतरवले, शेजारी काडीची माणसं काढली. मग उड्या मारत पुस्तक तुम्हाला दाखवायला आणलं. "बघतो जरा," म्हणालात आणि सायकलच्या कॅरिअरला लावून घरी घेऊन गेलात.

तुम्ही स्वतः पुण्यात ब्राऊन बेल्टपर्यंतच शिकून आला होतात, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. पुढचा काता तुम्हीही कधी पाहिलेला नव्हता. त्यात लाज कसली होती, सर? सगळ्या पंचक्रोशीत शिकवणारे तुम्ही एकटे! "पोरी, हे मला येत नाही, ये, दोघं मिळून वाचू," एवढं म्हणाला असतात तर मी जन्मभर तुमच्या पाया पडले असते.

पण तुम्हाला सगळं येतच असलं पाहिजे. तुम्ही घरी बसून फोटो पाहिलेत आणि आपलंच म्हणून शिकवायला लागलात. खालच्या ओळी वाचल्याच नाहीत. फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. तो त्याच्या डावीकडे गेला की आपल्याला उजवीकडे गेलेला दिसतो. तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून, आरशात बघावं तसा, अख्खा काता उलटा उचललात. पहिलं पाऊलच उजवीकडे!

मी काय गुन्हा केला होता? हात वर करून म्हणाले, की सर, खाली डावीकडे लिहिलंय.

तुम्ही क्लास थांबवलात. "तालमीत कुठला पैलवान पुस्तक वाचून डाव शिकलाय गं? तुमच्यात लय पुस्तकाचं याड."

'तुमच्यात' म्हणजे कुणात, ते शेडमधल्या चाळीस जणांना कळलं. मग गुडघे वाकवून मला अर्धा तास उभं केलंत. पाय थरथरले त्याचं काही नाही, ते पाय तुम्हीच घट्ट केले होते. पण त्या एका शब्दाची माफी मी दिली नव्हती आणि आजही देत नाही. त्या दिवसापासून क्लासमध्ये माझं नाव 'पुस्तकी' पडलं.

आणि तरी सांगलीच्या स्पर्धेत मी तुमचंच ऐकलं. याचा मला तुमच्यापेक्षा माझाच जास्त राग येतो. वही पिशवीत होती, खरं काय ते डोक्यात होतं. पण गुरूच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हेच अंगात मुरलेलं. सतरा वर्षांची पोर मी, मॅटवर उभी राहिले आणि उजवीकडे वळले. दोन पावलांत पंचांनी हात वर केला. मी बाद! हे कुणी शिकवलं, असं त्यांनी टेबलावरूनच विचारलं.

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खुर्चीवरून उठलात. मला वाटलं, आता सर सांभाळून घेणार.

"पुस्तकात बघून करती ती. म्या न्हाई असलं शिकवलं."

लोक हसले. मी तुम्ही शिकवलेल्या शिस्तीत वाकून नमस्कार केला आणि मॅटवरून उतरले. परतीच्या एसटीत अण्णा मिरजेच्या प्रवाशांशी पावसापाण्याचं बोलत राहिले, माझ्याकडे बघायचं टाळत. त्यांना काय वाटलं असेल? त्यांच्या फळीवरचं पुस्तक तुम्ही भर हॉलमध्ये खोटं पाडलं होतंत.

त्यानंतर मी शेडची पायरी चढले नाही. घरामागं अंगणात वही दगडाखाली दाबून ठेवायची आणि एकेक पाऊल टाकायचं. टाच कुठं, नजर कुठं, श्वास कधी सोडायचा, सगळं त्यात होतं. शंभरदा विचारलं तरी पुस्तक चिडत नाही, जात काढत नाही. पण खरं ते सांगते, गुडघा ढिला पडला तर ते ओरडतही नाही. ओरडायचात तुम्ही. अंगणात एकटी असताना तुमचा तो आवाज आठवायचा, आणि आठवला म्हणून आणखी राग यायचा.

मग दर रविवारी एसटीनं साताऱ्याला जायला लागले. तिथल्या सरांच्या खोलीत पुस्तकांचं कपाटच होतं. माझी वही त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, टाचेच्या दोन चुका दाखवल्या आणि म्हणाले, लिहीत जा. ब्लॅक बेल्ट बांधला त्या दिवशी मला तुमची आठवण झाली. तुम्ही तिथं असायला हवं होतं, बघायला!

एकदा यमाईच्या यात्रेत तुम्ही समोर आलात. मला पाहिलंत आणि झटकन डावीकडच्या बांगड्यांच्या दुकानात शिरलात. तेव्हा बरं डावं-उजवं कळलं!

आता खरी गोष्ट. परवा येताना एसटीत पुस्तक उघडलं. त्या कात्याच्या पानावर, पहिल्या फोटोशेजारी, तुमचं अक्षर. पेन्सिलीनं.

'डावीकडे. सुनंदा म्हणत होती तेच बरोबर. सांगलीहून आल्यावर पुन्हा पाहिलं.'

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. आठ वर्षं! औंधातलं आमचं घर तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि हे वाक्य ट्रंकेत. अण्णा गेले तेव्हा तुम्ही खांदा द्यायला आलात, तेव्हाही तोंड उघडलं नाहीत. ते असताना त्यांना तेवढं ऐकू द्यायचं होतंत, सर. एकदाच. आणि लिहिलंत तेही पेन्सिलीनं. का, कधी वाटलं तर पुसता यावं म्हणून?

एसटीत मी रडले. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते मी तुम्हाला सांगणार नाही.

पुढच्या रविवारी तुमच्या स्मरणार्थ शेडमध्ये प्रात्यक्षिकं आहेत. तुमच्या क्लासच्या पोरांनी मला पुढं उभं राहायला सांगितलंय आणि मी हो म्हटलंय. तुमच्या फोटोसमोर मी ते पुस्तक उघडणार. खालच्या चार ओळी मराठीत वाचणार आणि शेवटी तुमची ओळ, तुमच्या नावासकट, चाळीस जणांच्यात. मग पहिलं पाऊल डावीकडे टाकणार. त्यानंतर पुस्तक त्याच शेडमध्ये फळी ठोकून ठेवणार आहे, ज्याला हवं त्यानं उघडून बघावं.

आणि पुसायचं म्हणाल तर ते आता जमायचं नाही. तुमच्या त्या ओळीवरून, एकही अक्षर न बदलता, मी आत्ताच शाईचं पेन फिरवलंय.

तुमची 'पुस्तकी',
सुनंदा