इस्त्रीचा शर्ट

अल नहदा, शुक्रवार संध्याकाळ

दिनेशदादा गेला. इथे परदेशात, बांधकामाच्या साइटवरच, छातीत कळ येऊन. गावाहून वहिनी म्हणाली, "भाऊजी, तो गोरा यांची फिल्म काढत होता ना? त्यातला छानसा फोटो पाठवा, हार घालायला."

त्या गोऱ्याकडे, मार्टिनकडे गेलो. ऑस्ट्रियाचा हा माणूस फोटो, फिल्म, संगीत, सगळं एकटाच करतो. पहिल्या दिवशी दादा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासमोर उभा राहिला होता. "नो हबीबी, कामाचे कपडे," मार्टिन म्हणाला होता.

आज सगळं फुटेज बघितलं. जिकडे तिकडे हेल्मेट, तोंडाला फडकं, नुसते डोळे. मार्टिन रडायला लागला. मला रडूही येईना. वहिनीला काय पाठवू?

उद्या गावी पाठवायला दादाला शवपेटीत ठेवताना तोच इस्त्रीचा शर्ट घालायचाय. उद्या तरी त्याला कोणी नको म्हणणार नाही.