सुई घेऊन दर्यात

बाबा, गेल्या वर्षी मी तुमची बोट विकायला निघालो होतो. आज ती डहाणूच्या खाडीत उभी आहे आणि तिचं सुकाणू धरणारा तांडेल मीच आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही गोष्ट पहिल्यांदा तुम्हालाच सांगावीशी वाटली.

सुरुवात तहानेपासून झाली. बोटीवरचं पिण्याचं पाणी मी एकटाच संपवायला लागलो. शर्ट खुंटीला टांगल्यासारखे अंगावर लोंबायला लागले. गावातल्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या दिल्या, पण फरक पडला नाही आणि एका सकाळी जाळं सांधता सांधता मी अंगणातच कोसळलो. दवाखान्यात शुद्धीवर आलो. पुढच्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा टाइप वन आहे. तुमच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते सुईने घ्यायचं, रोज, जन्मभर."

"गोड सोडलं तर?" मी विचारलं.

"गोड खाल्ल्यामुळे झालेलं नाही हे. तुमची काही चूक नाही."

घरी आलो तर जो तो सल्ला द्यायला बसलेला. सासरे म्हणाले, "दर्या पुरे आता. वाणगावच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान टाका." मलाही ते पटलं. बोटीला गिऱ्हाईकही आलं. पण तुमची सून अडून बसली. "आधी डॉक्टरबाईंना विचारा, मग काय ते विका." बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आधी साखर ताळ्यावर येऊ दे, मग जाता येईल. एकट्याने जायचं नाही, साखर तपासत राहायची, गोड जवळ ठेवायचं आणि बोटीवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवायचं. ही शेवटची अट मला सुईपेक्षा जड गेली. तांडेलाचे हात कधीही थरथरू शकतात, हे खलाशांना सांगायचं कुठल्या तोंडाने? तेव्हा तुम्ही आठवलात. मी मिसरूड फुटायच्या वयाचा, पायात शिंगाळा माशाचा काटा घुसलाय, तो लपवून जाळं ओढतोय आणि शेवटी तोल जाऊन पडतोय. तुम्ही सगळ्यांसमोर ओरडताय, "दुखतंय तर बोलायचं. तू गप्प बसलास तर तुझा भार उचलायचा हे आम्हाला कळणार कसं?" त्या दिवशी तुमचा राग आला होता. या वेळी तेच शब्द धरून मी काकांकडे गेलो.

तुमचा हा धाकटा भाऊ अजून बोटीवर येतो. त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "साखर कुठे ठेवायची ते दाखव." मग सगळ्या खलाशांना त्यांनीच जवळ बोलावलं. इन्सुलिन गोठलं की वाया जातं, म्हणून बर्फापासून लांब, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात ठेवलं. साखर ताळ्यावर आली, तसे दर्यात गेलो. जाळं ओढताना अचानक गार घाम फुटला, दोर दोन दिसायला लागले. मी म्हणालो, "काका, साखर उतरली." कोणी घाबरलं नाही. एकाने दोर घेतला, एकाने ग्लुकोजचं पाणी तोंडाशी धरलं. मी मडक्याशेजारी बसून राहिलो, थोड्या वेळाने करंगळी टोचून साखर पुन्हा तपासली आणि समोर माझ्याशिवाय जाळं वर येत होतं, पापलेटांनी भरलेलं. साखर वर आली, अंगातली थरथर थांबली, तसा काकांनी दोर माझ्या हातात दिला. "चल तांडेल, उरलेलं तू ओढ." बाबा, तसं जाळं मी आयुष्यात ओढलं नव्हतं. बंदरावर तुमची सून टोपली घेऊन उभी होती. तिने आधी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग मासळीकडे पाहिलं आणि हसली. गिऱ्हाईकाला तिनेच निरोप धाडला, बोट विकायची नाही.

त्यानंतर आम्ही सारखे जातोय. जेवणाआधी मी सुई काढली की खलाशी आपणहून ताटं वाढायला घेतात. मागच्या फेरीत तर वारा उलटला होता, तरी मी बोट नीट आणली आणि काका सगळ्या बंदराला ते सांगत सुटले.

हा कागद कुठे धाडायचा नाहीच, म्हणून एक सांगतो. सुई टोचताना मी अजून डोळे गच्च मिटतो. तुमच्या नातीला वाटतं, मी देवाचं नाव घेतोय. मीही तिला तसंच वाटू देतो.