बंबातलं पाणी

सोम. १२ फेब्रु. ७३
नगरपालिकेच्या मुख्याधिकारी (मु.अ.) साहेबांनी सकाळीच बोलावलं. नळाला आठ दिवसांनी एकदा पाणी, तेही तासभर. टँकर एकच, तो खेड्यांवर. म्हणाले, "जमादार, आपला आगीचा बंब नुसता उभा असतो. उद्यापासून वस्त्यांना पाणी द्या." म्हटलं, साहेब, उभं राहणं हेच त्याचं काम. हसले. "माझ्या दारात रोज बाया रिकामे हंडे घेऊन बसतात. त्यांना हे तुम्ही समजावता का?"
लेखी हुकूम मागितला, दिला. माझ्या आग्रहावरून त्यात एक ओळ घातली: निम्मी टाकी आगीसाठी राखावी.

शुक्र. १६ फेब्रु.
मंजूर माणसं नऊ. आहोत तिघे. मी जमादार, ड्रायव्हर कासमभाई, फायरमन तुकाराम. बाकी जागा पाच वर्षं रिकाम्या. लष्कराच्या बंबावर होतो तेव्हा एका गाडीला सहा जण, शिवाय बदली पाळी. इथं तुकाराम लग्नाला गेला की नळी धरायला मी आणि बेल वाजवायलाही मीच.
वाटप सुरळीत. टाकी चारशे गॅलनची, दोनशे दिलं, दोनशे परत आणलं.

शनि. २४ फेब्रु.
खाणीजवळच्या वस्तीवर भांडण. गंगूबाई म्हणून म्हातारी आहे, सगळ्या बाया तिचं ऐकतात. कासमभाईंनी तोटी बंद केली तशी ती पुढं आली. "निम्मं पानी म्हागारी कुठं घिऊन चाललाय, जमादार?"
सांगितलं, कुठं आग लागली तर.
"आन् इथं लागलीय ती दिसत न्हाई व्हय तुमाला?"
कासमभाईंना गाडी काढायला सांगितलं.
घरी बायकोला, राहेलला सांगितलं. तिच्या शाळेत पोरं पाण्यासाठी तास बुडवतात, म्हणाली.

शुक्र. २ मार्च
मुंबईहून पत्र. अग्निशमन खात्याचे निरीक्षक वीस तारखेला येणार. माणसं, गाडी, नळ्या, आगीची वर्दी मिळाल्यापासून निघायला लागणारा वेळ, सगळं पाहून गावाला श्रेणी देणार. श्रेणी चांगली लागली तर नवा बंब मिळेल अशी मु.अ.ना आशा. मला वाटतं उलट आहे. वाईट लागली तरच माणसं मिळतील.

गुरु. ८ मार्च
आजचं आजच लिहून ठेवतो.
दुपारी वस्तीवर होतो. निम्मं वाटून झालं. गंगूबाई चाकापुढं उभी. झोपडीत तिची सून बाळंत झालेली, तीन दिवसांची. घरात घोटभर पाणी नाही. शिव्या दिल्या नाहीत, रडली नाही. नुसती उभी. मीच म्हटलं, कासमभाई, खोला. ते दोनदा माझ्याकडं बघून मग उतरले. सगळं दिलं. सगळ्या बायांना.
३.१०ला सायकलवरून माणूस आला. जनावरांच्या छावणीत कडब्याच्या गंजीला आग.
टाकीत पाणी नाही. छावणीजवळच्या विहिरीत नळी सोडली. पाणी इतकं खोल की पंपानं ओढलंच नाही, नुसती हवा. कासमभाई तिथंच डोकं धरून बसले. मी ओरडलो, आकडे काढा. लोखंडी आकड्यांनी पेटल्या गंजीपासून बाकीच्या पेंढ्या ओढून लांब केल्या. तिघं काय करणार, शेतकरीही धावले. जनावरं सगळी सोडवली. कडबा निम्मा गेला.
तुकारामचे दोन्ही हात भाजले. पेटती पेंढी अंगावर येत होती ती त्यानं हातानं ढकलली. एका बैलाच्या दाव्याची गाठ सुटत नव्हती म्हणून तो आत राहिला होता. आणखी एक माणूस असता तर

शुक्र. ९ मार्च
तुकारामला नगरला सिव्हिलमध्ये ठेवलं. हात बांधलेले. बायको चमच्यानं चहा पाजत होती. मला बघून म्हणाला, "बैल निगाला का?" म्हटलं, निघाला. "मंग बास." डॉक्टर म्हणाले, डावा हात बरा होईल. उजव्याची दोन बोटं बहुतेक वळणार नाहीत.
त्याच्या बायकोला सांगायचं होतं की टाकी मी रिकामी केली. रिकामा कप विसळून दिला आणि निघालो.

रवि. ११ मार्च
चर्चला, उपासनेला गेलो नाही. मु.अ.नी घरी बोलावलं. चौकशी होणार. छावणी सरकारी, वरून विचारणा आली आहे. दार लोटून घेतलं आणि सावकाश म्हणाले, "टाकीत पाणी होतं, पंप बिघडला, असं लिहा. तुमच्यावर काही येणार नाही. माझ्यावरही नाही."
म्हटलं, कासमभाईंवर येईल. पंपाची देखभाल त्यांची.
"त्यांची दोन वर्षं राहिलीत. समज देऊन सोडतील."
माणूस वाईट नाही. दोन महिने झोपला नसेल असा चेहरा.
संध्याकाळी कासमभाई स्वतः आले. त्यांना साहेबांनी आधीच सांगितलेलं. "लिहा जमादार. माझी पोरं कमावती झाली. तुमची अजून शाळेत आहेत." त्यांच्या पंपाला तीस वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. रोज सकाळी फडक्यानं पुसतात.
राहेल आत ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "ते मोठेपणानं म्हणाले. तू त्यांच्यावर ढकललंस तर तुझं काय राहील?"

सोम. १२ मार्च
लिहिलं. एक पान. टाकी वस्तीवरच्या बायांसाठी माझ्या सांगण्यावरून रिकामी केली. हुकमात निम्मी राखा असं होतं, तो मी मोडला. पंप चांगला आहे. सही केली. खिशात ठेवलं. दिलं नाही अजून.

मंगळ. २० मार्च
निरीक्षक आले. बुटके, पांढरा शर्ट, हातात घड्याळ. आवाज चढत नाही, पण एक खिळासुद्धा नजरेतून सुटत नाही.
आवारात सात जण खाकीत उभे! मला कुणी विचारलं नव्हतं. मु.अ.नी सफाई खात्यातले सहा जण आणून कपडे घातले होते. सातवे कासमभाई. एकाचं हेल्मेट उलटं. निरीक्षकांनी त्याच्या हातात नळीचं पितळी टोक दिलं, विचारलं हे कुठं बसतं. तो बिचारा खरं बोलला. "सायेब, मी गटारीवर असतो."
कुणी हसलं नाही.
निरीक्षक माझ्याकडं वळले. "जमादार, यातले तुमचे किती?"
म्हटलं, एक. मी धरून दोन. तिसरा सिव्हिलमध्ये.
मग खिशातला कागद काढून दिला. त्यांनी उभ्यानंच वाचला. पुन्हा वाचला. मु.अ. बुटाकडं बघत होते.
"हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं?"
"माझ्याच."
"त्या बाया पाणी मागायला परत आल्या तर द्याल?"
मी त्या माणसाच्या हातातलं पितळी टोक घेऊन नळीला बसवलं.
त्यांनी पंप चालवून पाहिला. कासमभाईंना म्हणाले, इतका चांगला ठेवलेला जुना पंप फार दिवसांत पाहिला नाही. कासमभाई रुमालानं तोंड पुसत बंबामागं गेले.

बुध. ४ एप्रिल
तुकाराम घरी आला. त्याला आणि बायकोला बसवून सगळं सांगितलं. बायको उठून आत गेली. तुकाराम म्हणाला, "त्या बाळंतिनीचं प्वार हाय का?" म्हटलं, आहे. मुलगी. "बरं हाय." निघताना बायको दारात आली नाही. तिचं बरोबर आहे.

सोम. ७ मे
अहवाल आला. श्रेणी शेवटची. कारणं सगळी खरी: माणसं नाहीत, बदली पाळी नाही, बंब पाणीवाटपाला. शिफारस: चार माणसं ताबडतोब भरावी, बंब वाटपातून काढावा, वस्त्यांसाठी वेगळा टँकर द्यावा. माझ्याविषयी वेगळा कागद. हुकूम मोडल्याबद्दल कारवाई विचाराधीन. तोवर कामावर राहावे आणि नव्या माणसांना शिकवावे.
मु.अ.नी कागद हातात दिला. "टँकर मिळेल असं वाटलं नव्हतं," म्हणाले. राग दिसला नाही. थोडी लाज असावी. दोघांनाही.

शनि. १९ मे
टँकर अजून आलेला नाही. बंब मात्र हुकमाप्रमाणे आवारात, टाकी काठोकाठ. चौघे नवे रुजू झाले. दोन शेतकऱ्यांची मुलं, एक गिरणीतला, एक मिशन शाळेत शिकलेला. सकाळी नळी गुंडाळायला शिकवत होतो. खाणीकडच्या बाया फाटकाशी आल्या, हंडे घेऊन. बसल्या सावलीत. गिरणीतल्यानं विचारलं, "जमादार, ह्यांना काय सांगायचं?"
म्हटलं, नळी पुन्हा गुंडाळ, सैल झाली.
दुपारपर्यंत बसून होत्या, मग रिकामे हंडे उचलून गेल्या.