जाळी

विश्रामबाग, सांगली
गुरुवार, १८ एप्रिल १९७४

आज अ‍ॅनॅटॉमीची तोंडी परीक्षा झाली. सरांनी प्रेताच्या आतड्यांवरचा चरबीचा पातळ पडदा चिमट्यानं उचलला आणि विचारलं, “हे काय?” ओमेंटम! महिनाभर घोकलेला शब्द. पण तोंडातून निघालं, “जाळी.”

निघणारच. जत्रेत बकरं कापलं की आबा तीच माझ्या हातात द्यायचे, ऊन-ऊन. “जाळी धर रं, फाटू दिऊ नगं.”

सगळे हसले. सर म्हणाले, “खाटकाकडे शिकलास काय?” गप्प बसायचं की नाही? तर मी म्हणालो, “नाही सर, माझे वडील शिक्षक आहेत.” वडिलांचं कुणी विचारलं होतं? पुढचं सगळं नीट सांगितलं. जाळी जठराला कुठं जोडलेली असते, पोटात सूज आली की तिथं जाऊन कशी चिकटते, कशी झाकून घेते. पास करतील. करू देत.

खोलीवर आलो तर पायरीवर आबा बसलेले. खांद्यावर घोंगडं. मेंढरं चुलत्याकडं सोपवून जतहून आले होते, पोराच्या परीक्षेसाठी. “काय इचारलं रं?” सांगितलं. केवढे खूश झाले! “जाळी? आरं, मंग ती तर तुला ल्हानपणापास्नं येतीया!”

“व्हय,” म्हणालो.

चहासुद्धा पाजला नाही. खोलीतली पोरं यायच्या आत त्यांना पाचच्या एसटीत बसवून दिलं. न जाणो, एखादा विचारायचा, “काका, कुठल्या शाळेत शिकवता?”