रक्त नव्हे, अवरक्त

प्रिय आई,

पुण्याची गाडी लागली आहे, कंडक्टर हाका मारतोय, आणि मी स्टँडवरच्या बाकावर बसून तुला लिहिते आहे. काल तुझं उत्तरकार्य झालं. आज सकाळी मी तुझ्या फोटोसमोर खोटं बोलले, आणि आता लाजेनं गाडीच्या पायरीवर पाय पडत नाही.

पण आधी सांग, तुझी पोरगी रक्त तपासते असं तू गल्लीभर का सांगत सुटलीस?

का ते मला माहीत आहे गं. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा एकदा एसटीडी बूथवरून शेजारी फोन केला होता. तू विचारलंस, "संशोधन म्हंजे नेमकं काय करतीस गं?" माझ्या मागं रांग होती. मी घाईत म्हणाले, "अवरक्त दीर्घिका," आणि फोन ठेवला. तुला त्यातलं ओळखीचं एवढंच ऐकू आलं, रक्त! सुटीत आल्यावर मला कळलं, तर मी नुसती हसले.

आज पलीकडच्या मालनकाकू पोटुशी सुनेला घेऊन आल्या. तिचे पाय सुजलेले. रक्ताचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांनी दवाखान्यात बोलावलं होतं. काकूंनी तो माझ्यापुढं धरला. "बघ की जरा. तुझी आई म्हणायची, पोरीला रक्तातलं समदं कळतंय."

आईच्या ऐकण्यात घोटाळा झाला, एवढंच म्हणायचं होतं. पण तुझ्या फोटोला हार होता, भेटायला आलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यासमोर तुला खोटं पाडू? मी कागद घेतला, आकडे वाचल्यासारखं केलं आणि म्हणाले, काळजीचं काही नाही.

"मग दवाखान्याची खेप वाचली बघ," काकू म्हणाल्या. आणि आई, ती सून माझ्या पाया पडली. माझ्या!

खरं सांगायला असा कितीसा वेळ लागला असता? दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अफाट वस्ती. कधी अशा दोन वस्त्या एकमेकींवर आदळतात आणि आत भराभर नवे तारे जन्मतात. पण भोवती धूळ इतकी, की उजेड बाहेर येतच नाही. साध्या दुर्बिणीतून त्या मिणमिणत्या दिसतात. ती धूळ मात्र तापते, आणि त्या उष्णतेनं त्या इतक्या झळाळतात की आपली अख्खी आकाशगंगा त्यांच्यापुढं फिकी. फक्त तो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्यालाच अवरक्त म्हणतात.

न्हाणीतली चूल विझली असं मला वाटायचं. तू राखेवर हात धरायचीस आणि म्हणायचीस, "हाय की आत विस्तव." तेवढंच गं! मी तेच करते, फक्त फार लांबच्या चुलीवर. तुला लगेच कळलं असतं. तुला कळणार नाही असं मी धरून चालले, याची मला फार लाज वाटते.

पण तुझा रागही येतो. परत का विचारलं नाहीस? फोनवर मी तुटक बोलले म्हणून गप्प बसलीस?

कंडक्टरनं बेल दिली. गाडी निघाली. जाऊ दे.

मी गल्लीत परत येते आहे. आधी सुनेला रिक्षात बसवून दवाखान्यात नेईन. मग काकूंना सगळ्या बायकांसमोर सांगेन, की मला रक्तातलं ओ की ठो कळत नाही. आई खोटं बोलली नाही, मीच तिला नीट सांगितलं नव्हतं. काकू शिव्या घालतील, त्या ऐकून घेईन. आणि कुणी विचारलंच, मग करतीस तरी काय, तर त्यांना न्हाणीत नेऊन तुझ्या चुलीपुढं बसवेन आणि सगळं सांगेन. या वेळी घाई करणार नाही. हे माझं तुला वचन.

तुझ्याच रक्ताची,
पण रक्तातलं काही न कळणारी,
सुमी