पिठल्याचं बोट

शनिवार, ११ जानेवारी

पिठलं पुन्हा लंगडतंय! मागचा डावा पाय. बर्फात जाताना घालतो तो मोजा काढला, तर दोन बोटांच्या मध्ये पू. नाताळाआधी कुंपणाची तार लागली होती, तीच जागा. "ते केव्हाच बरं झालं गं," असं वसुधाकाकू म्हणाल्या होत्या. कसलं बरं! एवढं मोठं लॅब्रेडॉर, खरंच पिठल्याच्या रंगाचं, माझ्या मांडीवर डोकं टाकून कण्हत होतं.

लाज वाटली. मी परभणीला पशुवैद्यक झाले, इथं अमेरिकेत येऊन मास्टर्स केलं, दिवसभर लॅबमध्ये प्राण्यांचे जंतू ओळखते. आणि ज्या काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते त्यांचंच कुत्रं सडतंय.

सोमवार, १३ जानेवारी

व्हेटकडे नेलं. रिसेप्शनवरची मुलगी "मिस्टर पिट्ला!" असं ओरडते आणि हे शहाणं उठून आत जातं. डॉक्टरांनी पुवाचा नमुना घेतला. तो आमच्याच लॅबला येणार.

"आधी काही अँटिबायोटिक दिलंय का घरी?" त्यांनी विचारलं.

"नो नो नो!" काकू. तीनदा. तेव्हाच संशय यायला हवा होता.

शशिकांतकाका काचेबाहेरचा बर्फ बघत होते.

गुरुवार, १६ जानेवारी

निकाल स्वतःच वाचला. जंतू वाढवलेल्या बशीत आम्ही औषधाच्या बारीक टिकल्या ठेवतो. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू मरतात, स्वच्छ गोल रिंगण दिसतं. पिठल्याच्या बशीत सात टिकल्या. रिंगण एकीभोवती. एकीच! बाकी सहा टिकल्यांना जंतू अगदी चिकटून बसले होते, लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे.

आयुष्यात अँटिबायोटिक न घेतलेल्या कुत्र्याला हे होतंच कसं?

शुक्रवार, १७ जानेवारी

कळलं कसं होतं ते.

संध्याकाळी वर गेले. काकू पोळ्या करत होत्या. म्हणाल्या, "ओव्याची डबी काढ गं वरच्या फळीवरून." ओव्याच्या मागे बिस्किटांचा तो निळा गोल डबा. मला वाटलं, चिवडा. उघडला. गोळ्या! पुण्याच्या दुकानातल्या पाकिटांसकट. काही पट्ट्या अर्ध्या कापलेल्या, काहींत दोनच उरलेल्या. एकीवर काकांच्या अक्षरात लिहिलेलं — "पिठलं, अर्धी."

"ते ना, काकांचं आहे," काकू पटकन म्हणाल्या आणि पोळी उलटायची विसरल्या.

काका पेपर घेऊन आत आले. चाळीस वर्षं माणसांचे डॉक्टर. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. "चार दिवस दिल्या. जखम सुकली. थांबवल्या."

"चारच दिवस?"

"बरं वाटल्यावर उगाच कशाला पोटात औषध? उरलेल्या ठेवल्या पुढच्या वेळेला."

"काका, तुम्ही पेशंटना असं सांगायचात?"

"पेशंटना नाही गं. घरच्यांना."

"आणि डोस?"

"माणसाचा भागिले दोन. नीलांबरी, तुझ्या जन्माआधीपासून मी प्रिस्क्रिप्शन लिहितोय."

"तुपात घोळवून दिली हो मी," काकू मध्येच. "आवडीने खाल्ली त्याने." जणू मुद्दा चवीचा होता!

मग मी बोलले. फार बोलले. चार दिवसांत कमकुवत जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचंच राज्य होतं, वगैरे सगळं. शेवटी म्हणाले, "पिठल्याचं बोट कापावं लागलं ना, तर ते तुमच्यामुळे."

काकांनी डब्याचं झाकण लावलं, डबा माझ्या हातात दिला आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. टीव्ही बंद होता.

पोळी करपली होती.

शनिवार, १८ जानेवारी

काका बोलत नाहीत. पण माझं चुकलं काय? बाबांचं पंक्चरचं दुकान. घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. त्यांनी मला शिकवलं ते खरं दिसल्यावर गप्प बसायला नाही.

(तरी ओरडायला नको होतं.)

रविवार, १९ जानेवारी

कल्पना सुचली! डबा एकट्या काकूंकडे थोडाच असेल? येत्या शनिवारी महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू. दरवर्षी बायका वाण लुटतात — यंदा बायकांनी उलट घरातल्या उरल्यासुरल्या अँटिबायोटिक्स आणून माझ्या खोक्यात टाकायच्या. मी त्या नष्ट करायला फार्मसीच्या जमा-पेटीत देईन. मंडळाच्या सेक्रेटरी चारुताला फोन केला. "यार, खूप युनिक आहे," ती म्हणाली. "पाच मिनिटं देते. उखाण्यांच्या आधी."

व्हेटनी ती रिंगणवाली गोळी सुरू केली. दिवसातून दोनदा, चार आठवडे. रोजचं ड्रेसिंग मीच करणार. काकूंनी हात लावायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं. स्वयंपाकाच्या हातांनी कसलं ड्रेसिंग!

शनिवार, २५ जानेवारी

हळदीकुंकू पार पडलं. मी पडले नाही एवढंच.

भाषण बरं झालं. आठ मिनिटं. टाळ्या पडल्या. आणि खरंच सगळ्यांनी आणल्या होत्या! पैठणीच्या पर्समधून पट्ट्या निघत होत्या. मी मोजल्या, एकतीस. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग मी तिळगूळ घ्यायला दोन मिनिटं बाजूला गेले.

परत आले तर खोक्याभोवती गर्दी.

"ही माझ्याकडे नाहीच! घेऊ?"

"ती घे, घशाला छान आहे. मला दोनमध्ये उतार पडला."

"तीनच आहेत यात."

"मग तीन दिवस घे."

"अहो मावशी, नाही! द्यायच्या आहेत, घ्यायच्या नाहीत!" मी ओरडले. नंदामावशींनी शांतपणे एक पट्टी पर्समध्ये सरकवली. "अगं, वाण आहे. नाही म्हणू नये."

मग माझ्यासमोर रांग लागली. मला वाटलं, शंका विचारायला. होत्याही. "तू डॉक्टर ना? माझ्या कानात असं ठणकतं..." शोभाकाकू तर म्हणाल्या, "मार्चमध्ये पुण्याला चाललेय. लिस्ट दे, तुझ्यासाठी काय काय आणू."

घरी येऊन खोकं उघडलं. एकोणीस पट्ट्या, दोन तिळाच्या वड्या आणि एक कंगवा.

काकूंनी काकांना सगळं साभिनय सांगितलं. काका हसले! आठवड्यानंतर पहिल्यांदा. "सार्वजनिक आरोग्यात स्वागत आहे," मला म्हणाले.

मंगळवार, २८ जानेवारी

फ्रिजवर तक्ता लागलाय. काकांनी पट्टीने आखलाय. सकाळची गोळी, रात्रीची गोळी, सही. काल काकूंनी सही केली नाही म्हणून त्यांना आज तोंडी खुलासा द्यावा लागला.

रविवार, ९ फेब्रुवारी

सूज उतरली! पिठलं जिन्यावरून धावत खाली आलं आणि माझ्या पांघरुणात घुसलं. मला सर्दी, त्याला उत्साह. तोंडभर चाटलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "माणूस तरी एवढा जीव लावतो का गं?" आई म्हणाली. मग बाबांनी फोन हिसकून विचारलं, एवढ्या कुत्र्याला खायला काय लागतं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पुन्हा पू. त्याच जागी. गोळी एकही चुकली नव्हती, तक्ता साक्षी आहे.

व्हेट म्हणाल्या, आता कदाचित बोट काढावं लागेल. पुढच्या गुरुवारची वेळ धरून ठेवलीय. मग रिपोर्ट माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "हा जंतू मुळात माणसांचा. कुत्र्यांना तो बहुतेक वेळा माणसाकडून लागतो. घरातल्या कुणाच्या नाकात मुक्कामाला असेल तर त्याला स्वतःला काहीच होत नाही, पण जखम पुन्हा पुन्हा बिघडते. तो कोण ते आधी सापडलं, तर आपण कापायचं थांबवू."

जंतूचं नाव त्या रिपोर्टवर पहिल्या दिवसापासून होतं. मी स्वतः टाइप केलेलं. वाचलं, आणि पुढे गेले. दोषी कोण ते मला आधीच माहीत होतं ना!

कारमध्ये एकदम लक्षात आलं — काका! चाळीस वर्षं हॉस्पिटलात. त्यांच्या नाकात नाही तर कुणाच्या? या वेळी मात्र तोंडाने बोलले नाही. नुसतं बघितलं.

"माझंच असणार," काका आपणहून म्हणाले. मागच्या सीटवर पिठल्याचा पाय मांडीवर धरून बसले होते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

काकांच्या ओळखीच्या क्लिनिकमध्ये तिघांच्या नाकाचे नमुने दिले. मी म्हटलं, मीही देते, त्यांना एकटं वाटायला नको.

काकांनी नर्सला काडी कशी धरायची ते शिकवलं. तिने ऐकून घेतलं आणि स्वतःच्या पद्धतीने घातली. काकांना सात शिंका. काकूंनी आधी नाकातली चमकी काढली, रुमालात गुंडाळली, मग देवाचं नाव घेतलं. मी हसून हसून खुर्चीतून घसरले.

येताना काका हळूच म्हणाले, "माझा आला पॉझिटिव्ह, तर मी महिनाभर आर्यकडे पोर्टलंडला जाऊन राहतो. मुलाला तेवढंच बरं वाटेल. पिठल्याला मात्र कळायचं नाही, मी का गेलो."

"नाही हो काका" एवढं तरी म्हणायला हवं होतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

काकांची बॅग भरून दारात उभी आहे. तिच्यावर पिठलं झोपलंय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

फोन माझ्याच नंबरवर आला. काका निगेटिव्ह. काकू निगेटिव्ह.

बोट आता बहुतेक वाचेल. मला त्याच्यापासून लांब ठेवलं तर.

वर जाऊन सांगायचंय. जिन्यात बसलेय. दाराच्या पलीकडे शेपटी आपटल्याचा आवाज येतोय — त्याला कळलंय, मी आहे.